अर्धा मेंदू तिकडे

शिंपिणीचा नवरा गेला तेव्हा तिने त्याचा मेंदू संशोधनाला दिला. भावकीने तिच्या तोंडात शेण घातलं. "जन्मभर कापड कापलं बिचाऱ्यानं, आता त्यालाच कापायला दिलं," असं जाऊ चारचौघांत म्हणाली. "तुझा मागितला असता तर रिकामी बरणी परत आली असती," म्हणून शिंपिणीने कागदावर सही ठोकली.

कारण एकच. शेवटी शेवटी नवरा बाही कुठे नि गळा कुठे तेच विसरला होता. सासराही तसाच गेलेला. थोरल्या मुलालाही ते होणार का, एवढं तिला कळायला हवं होतं. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, काम दोन देशांचं मिळून आहे; उजवा अर्धा भाग तिकडे जाईल, डावा इथे राहील, दोन्हींचं जुळवलं की सांगू.

तीन वर्षांनी बाईंनी बोलावलं. खोलीतले दोन फ्रीझर बंद, दारं सताड उघडी, खाली पाणी टिपायला फडकी. तिसरा तेवढा घुमत होता. खुर्चीवरचं खोकं उचलून बाईंनी तिला बसवलं.

"आजी, अनुदान थांबलं. तिकडच्या सरकारनं हात आखडला. दोघांनी सारखे पैसे घालायचे अशी अट होती, म्हणून आपलेही बंद."

"म्हणजे एका बैलानं मान काढली की दुसऱ्यानंही आडवं पडायचं? शिकलेल्यांनीच लिहिली ना ही अट?"

बाई हसल्या नाहीत. "माझीही नोकरी महिनाअखेरपर्यंतच आहे."

शिंपिणीची जीभ जरा नरमली. "आणि तिकडचा अर्धा?"

"तिकडेच राहील. परत आणायला मंजुरी नाही."

"जन्मात वेस ओलांडली नाही त्या माणसानं," ती म्हणाली. "बरं, माझं उत्तर?"

"जुळवायचंच राहून गेलं, आजी."

इकडचा भाग जाळायला संमती हवी होती. अक्षराखाली बोट धरून तिने सगळा कागद वाचला, बाईंना ताटकळत ठेवलं, आणि सही केली.

घरी थोरला मशीनवर होता. "काय म्हणाले?"

"काही कळलं नाही. पैसे संपले त्यांचे."

"बरं झालं."

"काय बरं झालं?"

"मला कळून घ्यायचंच नव्हतं, आई."

"मग तीन वर्षं मूग गिळून बसलास?"

"तुझ्यापुढे बोलायला तोंड कुणाला आहे?"

 शिंपीण चपला न काढताच बाकावर टेकली. त्याने दिवसभरात शिवलेले सदरे तिने मांडीवर ओढले आणि एकेक शिवण नखाने चाचपून बघू लागली. थोरल्याने ते पाहिलं. मशीन मात्र थांबवलं नाही.