एका पत्त्यावर दोघं

हर्षदाला घाम फुटला होता आणि मागच्या बाकावर तिचा बा, पोश्या, निवांत गप्पा मारत होता. लेकीची परीक्षा आहे हे त्याला ठाऊक होतं. परीक्षेत गप्प बसायचं असतं हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. परतीची जीप दुपारी, तोवर तो जाणार तरी कुठे?

परीक्षा तशी साधी. एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं आणखी दोन कॉम्प्युटर उभे करायचे, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि प्रत्येकाला नेटवर्कचा पत्ता द्यायचा. जमलं तर जव्हारच्या याच क्लासमध्ये लॅब सांभाळायची नोकरी. नाही जमलं तर भावाच्या मागून ठाण्याला, बांधकामावर.

पण हर्षदाबाईंनी शहाणपणा केला होता. पहिलं मशीन मन लावून बनवलं, पत्ता घातला, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा मेहनत कशाला म्हणून त्याचीच नक्कल मारली. आता मूळ कॉम्प्युटरवरून त्या मशीनला पाठवलेला निरोप कधी पोचे, कधी मध्येच गडप होई.

"मॅडम, पौषात जन्मलो म्हणून मी पोश्या," बा परीक्षा घेणाऱ्या सुषमा मॅडमना सांगत होता. "आमचे पाड्यात दुसरा पन पोश्याच. जीपवाला माझी खताची गोणी त्याचे घरी टाकून जातो. तो काय बोलत नाय, वापरतो!"

मॅडम हसल्या. हर्षदाचे हात मात्र थबकले. नकलेबरोबर पत्तासुद्धा जसाच्या तसा आला होता! दोन्ही मशीनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा वीस. तिनं दुसऱ्याचा एकवीस केला. निरोप पोचला. पुन्हा पाठवला, पुन्हा पोचला.

"उशीर केलास, पण जमवलंस. नोकरी पक्की," मॅडमनी कागद पुढे सरकवला. "पत्र घरी येईल, पत्ता नीट लिही."

हर्षदा आनंदानं मोठ्यानं बोलतच लिहू लागली, "पोश्याचं घर, पोशेरा, तालुका मोखाडा..."

"कोंच्या पोश्याचं?" मागून आवाज आला.

मॅडमनी हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला. हर्षदा कानापर्यंत लाल झाली.

"तुझंच नाव लिव," बा म्हणाला. "हर्षदाचं घर. पाड्यात हर्षदा एकच हाय."

तिनं बापाचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं.