अनुभवाचा दाखला

शफी मन्सुरींच्या शाखेत माणूस टिकत नव्हता. मंजूर पदं अकरा, भरलेली दोन, आणि त्या दोघांतले एक खुद्द शफी. हुद्दा सहायक लेखाधिकारी, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांचं नाशिकचं कार्यालय डोंगरी तालुक्यांतल्या सरकारी वसतिगृहांचा खर्च बघायचं. पोरींच्या अंथरुणापासून स्वयंपाकिणींच्या पगारापर्यंत सगळी बिलं याच शाखेतून कोषागारात जायची.

भरती होत नव्हती असं नाही. परीक्षा देऊन अमित आला होता. टेबलाच्या खणात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवायचा, चार महिन्यांत राज्यकर निरीक्षक होऊन गेला. सीएचा अर्धा टप्पा पार केलेली स्नेहा आली. ती सहा आठवडे राहिली. अंबडच्या एका कारखान्यात तिला दुप्पट पगार मिळाला. पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, इथं शिकण्यासारखं खूप आहे, पण राहण्यासारखं काही नाही." शफींनी पेढा तोंडात टाकला आणि तिच्या जागेचं मागणीपत्र पुन्हा वर पाठवलं.

राहिली ती एकटी चांगुणा भोये. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, एम.कॉम., वर सहकार व लेखा पदविका. कंत्राटावर होती. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. अशी नऊ वर्षं झाली होती. खंडाच्या दिवशी तिला हजेरीपटावर सही करता यायची नाही, तरी ती यायची आणि बसून काम करायची. कोणत्या बिलाला कोणतं लेखाशीर्ष लागतं, कोषागारातला कोणता बाबू कशावर अडतो, हे तिला तोंडपाठ होतं. शफी तिला "भोये मॅडम" म्हणत, आणि त्या हाकेत आदर होता, तो खोटा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, ती दोन महिने रजेवर गेली आणि स्वयंपाकिणींचे पगार तीन महिने अडकले. पेठजवळच्या वसतिगृहातली भिमाबाई एसटीनं नाशिकला आली आणि कार्यालयाच्या पायरीवर दोन दिवस बसून राहिली. शफी खाली गेले तेव्हा ती उठलीसुद्धा नाही.

"साहेब, मी दोनशे पोरींना वाढते. अन् मला किराणावाला दारात उभी करत नाय," एवढंच ती बोलली.

ते शफींच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून एकच धास्ती होती, भोये मॅडम गेल्या तर काय?

जानेवारीत एका सरकारी महामंडळाच्या कायम पदांसाठीच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला. चांगुणा यादीत चौथी होती. वयाची अट त्रेचाळीस, आणि जूनमध्ये तिला त्रेचाळीस पुरी होणार होती. ही शेवटचीच संधी. कागदपत्रांची पडताळणी अठरा मार्चला, पुण्यात. बाकी सगळं तिच्याकडे होतं. फक्त शासकीय कार्यालयातल्या अनुभवाचा दाखला हवा होता, आणि तो द्यायचा अधिकार शफींचा होता.

वीस फेब्रुवारीला तिनं अर्ज दिला. शफी खुर्चीतून उठले.

"मुबारक हो मॅडम! तुमच्या कष्टांचं चीज झालं."

"तुमच्यामुळंच साहेब," ती म्हणाली. "तुम्ही फॉर्म भरायला लावला नसता तर मी कसली भरतेय."

ते खरंच होतं. फॉर्म त्यांनीच भरायला लावला होता.

दाखला त्यांनी त्याच दिवशी टाइप करून घेतला. सही आणि गोल शिक्का, एवढंच राहिलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

"मन्सुरी, ती भोये जातेय म्हणे?"

"निवड झाली तर, सर."

"मार्च तोंडावर आहे. निधी परत गेला तर तुम्ही उत्तर द्यायचं. आणि तीन वर्षांचं ऑडिट यायचंय. बघा काय ते."

'देऊ नका' असं ते म्हणाले नाहीत. शफी जागेवर आले, दाखला खणात ठेवला. उद्या करू, असं स्वतःशी म्हणाले. मग बजेटची गडबड, मग रमजान, मग वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठका. चांगुणानं तीनदा आठवण केली, दर वेळी संकोचत. सहीला दोन सेकंद लागले असते. पण खण उघडला की त्यांना पायरीवर बसलेली भिमाबाई दिसायची आणि ते खण लावून घ्यायचे.

सतरा तारखेला ती म्हणाली, "साहेब, उद्या पहाटेच्या गाडीनं निघते. दाखला?"

"शिक्का आवक-जावकच्या कपाटात अडकलाय, चावी घेऊन शिपाई गेलाय. तुम्ही पुढं व्हा, उद्या सकाळी स्कॅन करून मेल करतो. चालतं तसं."

"नक्की ना साहेब?"

"अल्लाच्या भरवशावर जा."

अठराला सकाळी ते खरोखर दाखला पाठवायच्याच इराद्यानं आले. खण उघडला, पेन काढलं. तोच कोषागारातून दोन बिलं परत आली, त्रुटी लावून. शफी चांगुणाच्या टेबलाशी गेले. फायली ओळीनं लावलेल्या होत्या, पण त्यांना सुधरेना. तासभर त्यांनी कागद उलटेपालटे केले. पस्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, आणि एक त्रुटी निघेना. मार्च संपायला अजून तेरा दिवस आहेत आणि ही बाई नाही, हे त्यांना त्या तासात पहिल्यांदा नीट कळलं.

पावणेबाराला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, भोये मॅडम. शफींनी आवाज बंद केला. फोन टेबलावर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. दाखला समोर होता, पेन हातात होतं. साडेबारा, एक, दोन. मध्ये मेसेज आला, 'साहेब फक्त तेवढाच कागद राहिला आहे. थांबायला सांगितलंय.' शफींनी फोन पालथा घातला आणि परत आलेलं बिल पुढं ओढलं. सव्वासहानंतर फोन यायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. डोळे सुजलेले होते.

"मॅडम, काय सांगू," शफी म्हणाले. "दिवसभर ट्रेझरीत होतो, फोन सायलेंटवर. सकाळी मेल टाकला होता, सर्व्हर बंद होता, तो गेलाच नाही. मला संध्याकाळी कळलं."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. तिला त्यांचा चेहरा फारच ओढलेला दिसला असावा.

"जाऊ द्या साहेब. तुमच्यामागं काय कमी व्याप आहेत," असं म्हणून तिनं परत आलेली बिलं पुढ्यात घेतली. वीस मिनिटांत त्रुटी निघाली.

मार्चअखेर एक रुपयाही परत गेला नाही. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत शफींची पाठ थोपटली, "माणूस टिकवावा तर मन्सुरींनी." चांगुणा मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती.

मेअखेरीस वरून पत्र आलं. कंत्राटी पदं बंद, यापुढं माणसं एजन्सीमार्फत घ्यायची. एजन्सीला पस्तिशीच्या आतले उमेदवार हवे होते, तेही निम्म्या पगारावर. शफींनी वर दोन पत्रं लिहिली, मोठ्या साहेबांपुढं हात जोडले. "मन्सुरी, धोरण आहे," ते म्हणाले, "माझ्या हातात काय आहे?"

शेवटच्या दिवशी चांगुणानं सव्वीस पानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. कोणतं बिल कसं करायचं, कुठं अडतं, कुणाला भेटायचं. "नवीन येईल त्याला त्रास नको," म्हणाली. एजन्सीनं पाठवलेली मुलगी एकोणीस दिवस टिकली. तिच्यामागून कोणी आलंच नाही. स्वयंपाकिणींचे जुलैचे पगार अडकले.

शफींना जेवण जाईना. शेवटी त्यांनी बायकोला, नूरबानोला, सगळं सांगितलं. तिनं निवडत असलेली भाजी बाजूला सारली.

"मला सांगून काय फायदा? जिचं गेलं तिला सांगा."

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी शफी अंबडजवळच्या चुंचाळ्यात गेले. सोबत दाखला होता, नव्यानं काढलेला, सही-शिक्क्याचा, तिच्या कामाची तारीफ केलेला. चांगुणाची एकच खोली होती. तिचा नवरा मनोज दाराशी पिकअपचं चाक बदलत होता. "साहेब आलेत गं," त्यानं आत हाक दिली आणि हात पुसत उभा राहिला.

चांगुणा आता एका कारखान्यात माल मोजून घ्यायच्या कामावर होती. दिवसभर उभं राहायचं काम. तिच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. तिला शफींना पाहून आनंद झाला.

"मॅडम, मी खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "सर्व्हर चालू होता. मी ट्रेझरीत नव्हतो. फोन माझ्यासमोर वाजत होता."

तिच्या हातात चहाचं पातेलं होतं.

"कितव्यांदा वाजला तेव्हा बघितलात?"

"पहिल्यापासून."

"सगळे?"

"सगळे."

तिनं पातेलं खाली ठेवलं. गॅस पेटवला नाही.

"पुण्यात पडताळणीच्या मॅडमना मी म्हणाले, आमचे साहेब तसे नाहीत, अजून पाच मिनिटं बसू द्या. त्यांनी मला सव्वासहापर्यंत बसू दिलं. माझ्यासाठी खिडकी उघडी ठेवली होती. त्यांच्या पोराला ताप होता, तरी थांबल्या." तिचा आवाज चढला नाही. "का केलंत?"

शफी भिमाबाईचं सांगायला लागले. स्वयंपाकिणींचे पगार, परत जाणारा निधी. बोलता बोलता त्यांनाच ते ऐकवेना.

"मी स्वयंपाकिणींचे पगार काढून गेले असते की," ती म्हणाली. "महामंडळात हजर व्हायला महिनाभर मुदत होती. एकतीस मार्च करूनच गेले असते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

शफींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्यांनी दाखला पुढं केला. तिनं तो घेतला, शेवटपर्यंत वाचला.

"याचा आता काय उपयोग? कुणी विचारत नाही आता मला," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं करून बसली.

शफी उठले. मग चपला घालून बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी मनोजनं त्यांना गाठलं. तो जोरात बोलला नाही, पण अंगावर आला.

"साहेब, तुमी सांगून मोकळे झाले. ती इथं सगळ्यांना सांगायची, नशीब वाईट होतं, पण साहेब लय चांगले मिळाले. तेवढंच होतं तिच्याकडं. आता तेबी नाय. आता परत येऊ नका. फोनबी करू नका."

"मनोजभाऊ, मी..."

"जा साहेब."

शफी नाक्यावर आले. द्वारका चौकाकडं जाणारी शेअर रिक्षा उभी होती, तिला अजून तीन माणसं हवी होती. ते मागच्या सीटवर कोपऱ्यात बसले. रिक्षावाला द्वारका, द्वारका असं ओरडत होता. रविवारच्या दुपारी कोणी येत नव्हतं. सोमवारी कार्यालयात रिक्त लेखापदांच्या जाहिरातीचा मसुदा त्यांनाच करायचा होता. ते गुडघ्यांवर हात ठेवून माणसं भरायची वाट बघत राहिले.