दोन कुलपांत एकच मी

मी एक जुनी मूळ संख्या आहे. किती जुनी, ते विचारू नका. मोजायला माणूस नव्हता तेव्हाही मी होतेच. तीनशेवर अंकांची मी. मला एकाने भाग जातो, नाहीतर माझा मलाच. इतर कोणीही भागायला आलं की बाकी उरते. थोडक्यात, माझी वाटणी होत नाही.

मित्रांनो, मला कोणी घडवलं नाही, मी सापडले. धरणाच्या वरच्या दरवाजाला कुलूप हवं होतं. दुरून आलेला हुकूम खरा की खोटा, हे ओळखणारं. तिथल्या यंत्रं सांभाळणाऱ्या ताईंनी पेटी बसवली. पेटी एकेक संख्या तपासून टाकत, तापत, अखेर माझ्यापाशी थांबली. माझ्याच तोलाची आणखी एक मूळ संख्या शोधून तिने आमचा गुणाकार केला. तोच कुलपाचा आकडा. तो कोणीही पाहावा. गुणाकार चुटकीसरशी होतो, त्याची फोड करायला मात्र जन्म पुरत नाही. आम्हा दोघींची नावं कळल्याशिवाय खोटा हुकूम चालत नाही.

मग खालचा दरवाजा आला. पुन्हा कोण ताटकळणार, म्हणून ताईंनी मलाच तिथे उतरवलं. जोडीदारीण तेवढी नवी घेतली. आमच्यात टंचाई नाही हो, दाराला एक अशा कितीही मिळाल्या असत्या. पण वेळ वाचला म्हणून धरणाचे साहेब खूश झाले, सगळ्यांदेखत म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून."

वर्षं गेली. पेट्यांवर धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. माझी आठवणही कोणाला राहिली नाही.

काल रात्री खालचा दरवाजा बोटभर उघडला आणि मिटला. हुकूम कोणी दिलाच नव्हता. साहेब म्हणाले, गंज असेल. सगळ्यांनी मान डोलावली.

धरणाखाली ताईंची धाकटी बहीण राहते. तिचा आज फोन आला. "ताई, पाऊस नाही, काही नाही, नि पायरीला पाणी कसं गं लागलं?"

ताई फोन कानाला धरूनच वरच्या पेटीकडे वळल्या. सत्त्याहत्तर आणि एक्क्याण्णव शेजारी ठेवून बघा, मित्रांनो. दोन्हींत सात आहे. तुमचा शाळेतला मसावि काढला की तो हाती येतो. ताईंनी दोन्ही कुलपांचे आकडे तसेच शेजारी ठेवले. क्षणात मी बाहेर पडले. बाकी शून्य. म्हणजे हे आधीच कोणीतरी करून बघितलं होतं.

"धाकटे, पोरांना उचल आणि टेकडीवर जा," त्या म्हणाल्या. "कुलूप लावत बसू नकोस."

वरच्या पेटीची वायर त्यांनी उपटली आणि जिन्याकडे धावल्या. वरची मी आता गार पडले आहे. पण मी खालीही आहे.

मित्रांनो, एक गुपित दोन दारांना देऊ नका. थांबायचा कंटाळा आला तरी देऊ नका. ताई अजून अर्ध्या जिन्यात आहेत, आणि इथे खाली कोणीतरी माझा एकेक अंक बिनचूक म्हणतंय. शेवटचा सात राहिलाय.