दुपारची पेटी

"आज तारीख किती, हागिनोसान?"

"नुसती तारीख, की वारही सांगू? चौदा नोव्हेंबर, मंगळवार. रेइवा शकाचं पाचवं वर्ष. वाराचे वेगळे गुण आहेत का?"

नगरपालिकेतून आलेल्या निशिवाकीबाई हसल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली. चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या हागिनोंच्या मुलीला, चिहारूला, ती खूण उलटी दिसली, तरी कसली आहे ते कळलं.

"आता मी तीन वस्तू ठेवते. पेन, घड्याळ, कंगवा. नीट बघून ठेवा हं." बाईंनी वस्तू मांडल्या, झाकल्या, एक काढून घेतली. "कोणती गेली?"

"पेन गेलं. बरं झालं गेलं. टोपणाला चीर आहे त्याच्या. जिथून घेतलंत तिथे परत द्या."

बाईंनी पेन उजेडाकडे धरून पाहिलं. केसाएवढी बारीक चीर होती खरी.

मग बाबांनी हात वर केले, खाली केले. एका पायावर उभे राहिले आणि बाई "पुरे" म्हणाल्या तरी आणखी थोडा वेळ तसेच राहिले. आज त्यांनी स्वतःहून दाढी केली होती. टाय बांधला होता. गेले पाच महिने शर्टाची बटणं चिहारू लावत होती. आज सकाळी ती लावायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला होता. "पाहुणे येणारेत ना? मग मी बघतो."

गेल्या वर्षीही असंच झालं होतं. तासाभराची भेट, सगळी उत्तरं बरोबर, आणि महिन्याभराने आलेल्या पत्रात वृद्धांसाठीच्या मदतीची सगळ्यात खालची पायरी. त्या पायरीवर आठवड्यातून एकदा व्यायामाचा वर्ग मिळतो. चिहारूला आठवड्याचे पाच दिवस, दिवसभर बाबांना सांभाळणारं केंद्र हवं होतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती सतरा वर्षं काम करत होती आणि तिची रजा या महिनाअखेरीस संपत होती. तिची जागा आणखी रिकामी ठेवता येणार नाही, असं साहेबांनी फोनवर फार सौम्य शब्दांत सांगितलं होतं.

पहाटे सहाला बाबा डबा मागत. डबा दिला नाही तर रिकामा डबा घेऊन निघत. ते काम करत तो कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. तिथे आता चहाच्या पावडरीचं गोदाम आहे. दोनदा त्यांना नदीच्या पुलावरून कोणीतरी घरी आणून सोडलं होतं. म्हणून चिहारूने दाराला घंटा बांधली, मग फाटकाला तार. पाव आणायला ती धावत जायची आणि धावत यायची. गेल्या गुरुवारी गॅस चालू राहिला होता. हे सगळं तिने दोन कागदांवर लिहून बाईंच्या हातात आल्या आल्या दाराशीच दिलं होतं. बाबांच्या समोर तोंडाने ते म्हणणं तिच्याने झालं नसतं.

निशिवाकीबाईंनी फाइल मिटली. ट्रे ठेवायला चिहारू वाकली, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं लिहिलेलं मी जोडणार आहे, चिहारूसान. पण मला दिसलेलंही लिहावं लागतं. आणि मला दिसतंय ते..." त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा त्यांची पिशवी उचलून द्यायला उठले होते.

"तासभर जमतं त्यांना," चिहारू म्हणाली. "फक्त तासभर."

"माहितीय हो. सगळ्यांचंच असं होतं. माझी स्वतःची आजी तर तपासणीच्या दिवशी ओठांना लाली लावून बसायची. पण अकराला माझं पुढचं घर आहे."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. घड्याळाखाली टीव्ही. टीव्हीखालच्या फळीवर ती राखाडी पेटी.

ती अडॅप्टरची पेटी. हातात धरून खेळायच्या गेमची छोटी कॅसेट हिच्या डोक्यात खोचायची आणि हिला टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मोठ्या यंत्रात, म्हणजे तळहातावरचा खेळ टीव्हीवर दिसतो. ही पेटी जेव्हा देशभर विकली जात होती, तेव्हा त्यातल्या कितीतरी पेट्या इथे, उजीच्या नदीकाठच्या एका छोट्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. आणि तिथून बाहेर पडणारी प्रत्येक तिसरी पेटी हागिनो तात्सुओंच्या हाताखालून जात होती. कॅसेट खोच, खटका दाब, सुरुवातीची किणकिण ऐक, पडद्यावरच्या छत्रीवाल्या बेडकाला उजवीकडे तीन पावलं चालव, एक उडी, खटका बंद, पास झाल्याची हिरवी टिकली चिकटव, पुढची पेटी. चौदा सेकंद. तिसऱ्या पावलानंतर एक लाकडी पूल लागायचा. पुलापलीकडे काय आहे, ते बाबांनी कधी पाहिलं नव्हतं.

चिहारू अकरा वर्षांची असताना त्यांनी ओरखडा पडलेली एक पेटी घरी आणली. विकण्यालायक नाही म्हणून कारखान्याने दिलेली. ती दिवसभर खेळली. बाबा घरी आल्यावर त्यांना ओढत टीव्हीपाशी नेलं. "बघा ना, पुलापलीकडे गाव आहे. जत्रा पण आहे!" बाबा गुडघे दुमडून बसले. बेडकाने तीन पावलं टाकली, उडी मारली, आणि बाबांचा हात आपोआप खटक्याकडे गेला. पडदा काळा झाला. "चांगली आहे पेटी," असं म्हणून ते अंघोळीला गेले. चिहारू रडली. आई, सेत्सुको, मात्र हसून हसून बेजार. म्हणाली, "रडू नकोस गं. माझ्या हातचं सूपसुद्धा ते असंच पितात. एक घोट, की पास."

त्याच उन्हाळ्यात पेट्या परत येऊ लागल्या. वीसेक मिनिटं चालून तापल्या की पडद्यावर पट्टे उमटत आणि खेळ थिजून जाई. दोष आतल्या एका बारीक भागाचा होता आणि तो भाग दुसऱ्याच गावाहून यायचा. चौदा सेकंदांत तो कोणालाच सापडला नसता. पण टिकलीवर तपासणाऱ्याचा आकडा असे, आणि परत आलेल्या खोक्यांवर बाबांचा आकडा होता. साहेबांबरोबर जाऊन त्यांनी तीन ठिकाणी कमरेतून वाकून माफी मागितली.

त्यानंतर, कोणी सांगितलेलं नसताना, दर दुपारी ते खोक्यातली एक पेटी सुरूच ठेवत आणि तिच्यासमोर बसून डबा खात. अर्धा तास. तीन पावलं चालून बेडूक पुलाशी उभा, आणि त्याच्यासमोर बाबा. शेजारच्या बाकावरच्या ओकुदासान हाक मारायच्या, "हागिनोसान, त्या बेडकाला पण घाला की चार घास! उपाशी मरेल तो!" कारखान्यात त्या पेटीचं नाव पडलं 'दुपारची पेटी'. निवृत्त होईपर्यंत बाबांनी एकही दुपार चुकवली नाही.

चिहारूने ट्रे खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आज दुपारची पेटी बघायची राहिली."

बाबा पिशवी हातात घेऊन थबकले. "राहिली?"

"राहिली."

"मग असं कसं जाता येईल?" ते बाईंना म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली. "बसा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी माल सोडता येत नाही."

निशिवाकीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग चिहारूकडे. चिहारूने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. बाईंनी फोन काढून पुढच्या घरी उशीर होत असल्याचं कळवलं आणि पुन्हा गुडघे दुमडून बसल्या.

बाबांनी कॅसेट खोचली. खटका. किणकिण. तीन पावलं, उडी. त्यांच्या अंगठ्याला एवढंसंही थांबावं लागलं नाही. मग कंट्रोलर खाली ठेवून ते मांडीवर हात घेऊन बसले.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच नाही. आता बघायचं."

"काय बघायचं?"

"काही होत नाही ना, ते."

पाच मिनिटं गेली. बाहेर छपराला टांगलेली सोललेली पर्सिमनची फळं वाऱ्याने हलत होती आणि त्यांच्या सावल्या कागदी दारावर हलत होत्या. बाबांनी बाईंना फळं सुकवण्याची रीत सांगितली. रोज थोडं थोडं दाबावं लागतं, नाहीतर आतून कडक राहतात. अगदी बरोबर सांगितली. चिहारूला वाटलं, होणार नाही. आज काहीच होणार नाही. आणि क्षणभर तिला त्याचा इतका आनंद झाला की तिला रजा, साहेब, फाटकाची तार, कशाचंच काही वाटेना.

दहा मिनिटं. बारा. बाबांचा हात टायच्या गाठीकडे गेला. त्यांनी ती सैल केली, मग टाय काढून घडी करून खिशात ठेवला.

"ओकुदासान," ते निशिवाकीबाईंना म्हणाले, "भोंगा झाला का?"

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

"आज आमच्या डब्यात काय आहे कोण जाणे. सेत्सुकोला सकाळी बरं नव्हतं. पोटात गच्च वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, तोंडावर तेज तर चांगलं आहे तुझ्या." ते थांबले. "होतं तेज."

सोळा मिनिटं. ते उठले आणि भिंतीतल्या देवघरापाशी गेले. त्यांनी पोटाच्या आजाराने गेलेल्या आईची तसबीर उचलली. चिहारू पुढे झाली, पण निशिवाकीबाईंनी हात किंचित वर केला आणि ती जागीच थांबली. बाबांनी तसबीर उलटी केली, मागच्या बाजूला आकडा शोधला, कडेवरून अंगठा फिरवला.

"ही परत आली," ते म्हणाले. "माझाच आकडा असणार हिच्यावर. मीच पास केली होती." त्यांनी तसबीर दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि निशिवाकीबाईंसमोर कमरेतून वाकले. खूप खाली, आणि खूप वेळ. "चूक माझी आहे. माझी तपासणी अपुरी पडली."

खोलीत टीव्हीची बारीक धून तेवढी वाजत होती. निशिवाकीबाईंनीही जमिनीवर हात टेकून मान लववली. "पोचलं, हागिनोसान," त्या म्हणाल्या. "वर बघा आता."

ते सरळ झाले. तसबीर कुठे ठेवायची ते त्यांना कळेना. बाईंनी ती घेतली आणि जागेवर ठेवली. मग बाबांचं लक्ष कोपऱ्यात उभ्या असलेल्या चिहारूकडे गेलं. ते बाईंच्या जवळ सरकले. आवाज खाली आणला, पण शब्द सगळे ऐकू आले.

"ओकुदासान, त्या बाई नवीन आहेत का?"

"का बरं?"

"रोज असतात इथे. सकाळी मी येतो त्याच्या आधीपासून. काम चांगलं करतात, हात स्वच्छ आहे. पण घरी जात नाहीत हो कधी. त्यांच्या घरी कोणी वाट बघत असेल की नाही? साहेबांना कोणीतरी सांगायला हवं."

निशिवाकीबाईंनी फाइल उघडली आणि लिहायला घेतलं. टोपणाला चीर असलेल्या त्याच पेनने त्या बराच वेळ लिहीत होत्या. चिहारूला ते अक्षर दिसत नव्हतं, आणि तिने पाहायचा प्रयत्नही केला नाही. तिने आपल्या वडिलांना नापास करवलं होतं. घरात बोलावून, चहा देऊन, त्यांच्याच पेटीपुढे बसवून.

बरोबर तीस मिनिटं झाली तशी बाबांनी पडद्याकडे मान वळवली. बेडूक पुलाशी छत्री घेऊन उभा होता. एकही पट्टा नव्हता.

"चांगली आहे," ते म्हणाले आणि खटका बंद केला.

निशिवाकीबाई दाराशी बूट घालायला बसल्या. "निकालाला महिना लागतो," त्या म्हणाल्या. "पण मी कार्यालयात बोलून ठेवते. तुमच्या साहेबांनाही तसं कळवा." उठता उठता त्या थांबल्या. "चिहारूसान, तुम्ही खोटं काही केलं नाहीत."

चिहारूने वाकून नमस्कार केला. दार उघडलं, घंटा वाजली. बाईंच्या मागे फाटकाची तार लावायला ती निघणार, इतक्यात तिच्या मागे पावलं वाजली. बाबा होते. त्यांच्या हातात टीव्हीखालच्या खणातली टिकल्यांची गुंडाळी होती, कारखाना सोडताना आणलेली. त्यांनी नखाने एक हिरवी टिकली सोडवली, चिहारूच्या स्वेटरच्या बाहीवर ठेवली आणि अंगठ्याने एकदा, नेमकी मधोमध दाबली.

"यांचं झालं," ते फाटकाबाहेर गेलेल्या निशिवाकीबाईंना ओरडून म्हणाले. "यांना सोडा."

फाटक उघडंच होतं. दोघं तिथे उभी राहिली. थोड्या वेळाने बाबांना थंडी वाजू लागली आणि तिने त्यांना हाताला धरून आत नेलं.

डिसेंबरपासून सकाळी केंद्राची पांढरी गाडी येऊ लागली. बाबा डबा घेऊन तिच्यात चढत. कारखान्याने गाडी सुरू केली याचं त्यांना फार अप्रूप होतं. पुढच्या फेब्रुवारीत, आलुबुखाराची झाडं फुलली असताना, ते गेले. स्वेटर तोवर अनेकदा धुतला गेला होता. टिकली पहिल्याच धुण्यात निघाली. तिचा डिंक तेवढा बाहीवर राहिला, नाण्याएवढा गोल, आणि प्रयोगशाळेतल्या बाकावर काम करताना पांढरी पूड तिथे बसते. चिहारू ती झटकत नाही.