सगळ्यांचे पंधरा

"वाटशील गं, पण काय सांगून वाटशील?" चारुदत्त नाफड्याने सदऱ्याची बटणे लावता लावता विचारले.

"पगार वाढला म्हणून. आणखी काय सांगायचं असतं?" श्यामला संदेशांच्या, म्हणजे बंगाली मिठाईच्या, डब्याला सुतळी बांधत होती.

"आणि किती वाढला, असं कुणी विचारलं तर?"

सुतळीची गाठ अर्ध्यावरच राहिली. नवऱ्याचे म्हणणे खरे होते, आणि तेच तिला सहन होत नव्हते.

बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये चारुदत्ताने हिशेबनीस म्हणून उमेदीची वर्षे काढली होती. पगार दोनशे चाळीस. मिलला लागूनच एका तेल कंपनीचा डेपो होता. मधे एक भिंत आणि एक गटार. गेल्या महिन्यात तो ती भिंत ओलांडून डेपोच्या हिशेब खात्यात रुजू झाला आणि पगार एकदम साडेचारशे झाला. काम तेच. तागाच्या गाठींऐवजी रॉकेलची पिंपे लिहायची, एवढाच काय तो फरक. जमेची बाजू तीच, नावेची बाजू तीच, आणि दोन नि दोन भिंतीच्या पलीकडेही चारच होत होते. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत हेच काम करणाऱ्याला आणखी साठ मिळतात, हे त्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी कानात सांगितले. पण त्याचे पाय तेव्हा जमिनीवर नव्हते, त्यामुळे ते कानातच राहिले.

टॉलीगंजच्या त्यांच्या गल्लीत ही बातमी संध्याकाळच्या आत पसरली. बंगाली घरमालकीण माशीमांनी, म्हणजे मावशींनी, तर हौसेने शंख फुंकला आणि आता तरी पंखा घ्या म्हणून बजावले. बातमी कळली नव्हती ती फक्त इथल्या मराठी मंडळातल्या माणसांना, आणि श्यामलाला सांगायची होती ती नेमकी त्यांनाच.

त्याला कारण गणपती. मंडळाचा नियम असा, की उत्सवाची वर्गणी म्हणून प्रत्येकाने एका दिवसाचा पगार द्यायचा, आणि बैठकीत सर्वांसमोर आकडा सांगायचा. सहा वर्षांपूर्वी चारुदत्त त्या बैठकीला पहिल्यांदा गेला, तेव्हा त्याचे दिवसाचे आठच रुपये होत होते. शेजारी बँकेतला शशिकांत गद्रे बसला होता. तो ऐटीत "पंधरा" म्हणाला, आणि चारुदत्ताच्याही तोंडून पंधराच निघाले. एकदा निघालेले पंधरा पुढच्या वर्षी आठ कसे व्हायचे? तेव्हापासून दर भाद्रपदात श्यामला घरखर्चातून वरचे सात रुपये खरवडून काढी आणि नवऱ्याची अब्रू झाकी. मंडळाच्या लेखी तो केव्हाच साडेचारशेवाला झाला होता. आता साडेचारशे खरोखर हातात पडू लागले, तर सांगायची सोय उरली नव्हती.

"मग यंदा अठ्ठावीस सांगा," श्यामला म्हणाली. "आठ असताना पंधरा सांगितलेत, आता पंधरा आहेत तर अठ्ठावीस."

"म्हणजे पुन्हा खोटंच. अगं, आयुष्यात पहिल्यांदा माझे पंधरा खरे झालेत."

"ते तुम्हाला नि मला ठाऊक. आनंद काय असा ट्रंकेत घालून ठेवायचा?"

डबा मात्र घरीच राहू दे, एवढे त्याने चार-चारदा बजावले.

भवानीपूरला मंडळाच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा जण जमले होते. कोणी रेल्वेतले, कोणी विम्यातले, कोणी चहाच्या कंपनीतले. पण बहुतेक सगळे हिशेबाच्याच खुर्चीवर बसणारे. खजिनदार विनायकराव सबनीस गार्डन रीचला रेल्वेच्या लेखा विभागात होते. त्यांनी पेनाचे टोपण काढले मात्र, बायकांच्या बाजूने श्यामला उठली, पिशवीतून डबा काढला आणि सरळ संदेश वाटायला लागली.

"वा! कशाबद्दल हो, वहिनी?" विनायकरावांनी विचारले.

"ते हे सांगतील," म्हणून ती पुढच्या माणसाकडे वळली.

धाकटी मुलगी गाण्याच्या परीक्षेत पहिली आली, असे ठोकून द्यायचे चारुदत्ताने ठरवलेही. त्यासाठीच तोंड उघडले. पण महिनाभर दाबून ठेवलेला आनंद आधी बाहेर पडला.

"माझा पगार वाढला," तो म्हणाला. "दिवसाला आठ होते, त्याचे पंधरा झाले."

खोलीतल्या हिशेबनिसांना एक वजाबाकी करायला लागेल तेवढाच वेळ गेला.

"म्हणजे इतकी वर्षं," शशिकांत म्हणाला, "तुम्ही आठ मिळवून पंधरा देत होतात?"

"तुम्ही पंधरा म्हणालात, म्हणून मीही म्हणालो. चूक झाली." चारुदत्त सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत होता. उरलीसुरली अब्रूही गेली असे त्याला वाटले, आणि नवल म्हणजे फार बरे वाटले.

"अहो, पण माझे तरी कुठे पंधरा आहेत? माझे वीस होतात. तेलंगकाकांनी आधी पंधरा सांगितल्यावर वडील माणसाच्या वर कसं जायचं? म्हटलं, पाच वाचतात तर वाचू देत."

विनायकरावांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "माझे अकरा," ते म्हणाले. "पण काका पंधरा म्हणाल्यावर रेल्वेवाल्यानं अकरा कसे म्हणायचे?"

मग विम्यातल्यांचे तेरा निघाले, चहाच्या कंपनीतल्यांचे सतरा. इतकी वर्षे या खोलीत रेल्वे, बँक, विमा, चहा आणि ताग यांचा पगार पैशापर्यंत सारखा भरत होता, आणि एवढ्या हिशेबनिसांपैकी एकालाही त्यात काही खटकले नव्हते. आधी चहावाले हसले, मग सगळी खोलीच हसू लागली. कोणी चारुदत्ताच्या पाठीवर थाप मारली, कोणी पुढच्या रविवारी जेवायला येतो म्हणून परस्पर ठरवून टाकले. डबा हातात धरून श्यामला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिच्या नवऱ्याचा पगार वाढल्याचे अखेर मराठीत कौतुक होत होते.

हसू ओसरले तशा सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. श्यामसुंदर तेलंग सर्वांत वडील, म्हणून आकडा दर वर्षी आधी त्यांनाच विचारत. बडाबाजारातल्या एका कापडाच्या पेढीवर ते मुनीम होते.

"बघता काय? माझे पाच," काका म्हणाले.

या वेळी कोणी हसले नाही.

"पहिल्या वर्षी विनायकनं सुरुवात माझ्यापासून केली. समोर सगळे सरकारी नि कंपनीवाले. पाच म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, काका, तुमचं राहू दे. ते मला नको होतं. म्हणून तीन दिवसांचा पगार देत आलो." ते चारुदत्ताकडे वळले. "आज तू आठ म्हणालास, तेव्हा मला पाच म्हणता आलं. अगं श्यामला, आण तो डबा इकडे."

यंदापासून ज्याचे जेवढे खरे तेवढेच घ्यायचे, असे तिथल्या तिथे ठरले. विनायकरावांनी पावतीपुस्तक चारुदत्तापुढे सरकवले. "तुम्ही लिहा, नाफडे. आज तुमचं अक्षर चांगलं येईल."

चारुदत्ताने पहिली पावती स्वतःची केली, पंधराची. शशिकांतने कुरकुरत वीस मोजले. मग काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाचाची नोट काढून ठेवली. दर वर्षी पैसे दिले की ते पावती न घेताच निघत. वयाचा विसराळूपणा, असेच सगळे धरून चालले होते. आज ते जागचे हलले नाहीत.

"पावती," ते म्हणाले. "सूनबाईला दाखवायचीय. तिला माझा पगार ठाऊक. पंधराची कुठल्या तोंडानं दाखवणार होतो?"

चारुदत्ताने काकांना त्यांच्या वडिलांचे नाव विचारून घेऊन त्यांचे नाव पूर्ण लिहिले. खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले, अक्षरी रुपये पाच फक्त. शाई ओली होती. काकांनी घडी घातली नाही. पावती दोन्ही हातांत धरून ती वाळेपर्यंत ते तसेच बसून राहिले.