कानमंत्राचा आकडा

फुंकरबाबांनी रिपोर्ट डोक्यावर धरला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

"चार महिन्यांपूर्वी अठराशे. आज चाळीस. औषध नाही, गोळी नाही. पोटावर फुंकर आणि कानात मंत्र, बस."

खुर्चीत बारक्या बसला होता. नऊ वर्षांचा, नुसती काडी. त्याच्या आतड्याला सूज यायची, रक्त पडायचं. दर दोन महिन्यांनी शीचा नमुना डबीत भरून लॅबला द्यायचा, आकड्यावरून सूज कळायची. पन्नासच्या आत म्हणजे ठीक. आई तर आनंदानं रडत होती. गोळ्या तिनं कधीच बंद केल्या होत्या.

मागे उभ्या त्याच्या ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "बाबा, हा बरा झालाय तर चड्डी कमरेवर का टिकत नाही?"

"शंका घेतली की गुण जातो, बाळ."

"एवढा नाजूक असतो होय गुण?"

आईनं चिमटा काढला. "गप. शाळा सोडलेलीनं अक्कल शिकवू नये."

पुढची डबी भरायच्या दिवशी ताई दात घासत होती. संडासातून सहा वर्षांची धाकटी ओरडली, "दादा, मी पाणी नाही ओतलं. ये लवकर."

बारक्या डबी घेऊन निघाला. ताईनं मनगट धरलं. "कधीपासून चाललंय हे?"

"सोड ना. तोच मंत्र आहे. सांगितला तर आईला काहीतरी होईल."

"सांग."

तो भिंतीकडे बघत पुटपुटला, "डबीत धाकटीची भर. तुझी भरलीस तर आई परत रडेल."

"आणि रक्त?"

"पडतं. मी दोनदा पाणी ओततो."

ताईचा हात उगारलेलाच राहिला. मारायचं कुणाला?

त्याच दिवशी तिनं त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या वेळी डबी त्याचीच. आकडा आला तेवीसशे. "आतडं आकसलंय," बाई म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी गोळ्यांवर भागलं असतं. आता वीतभर कापावं लागेल."

ताई तडक हॉलमध्ये गेली. खुर्च्यांवर बसलेल्या बाकीच्या आजारी पोरांना एकच विचारलं, "तुमचा मंत्र काय?"

साखरेचा आजार असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "रक्त तपासायच्या आधी दोन दिवस जेवायचं नाही."

तिची आई बाबांकडे वळली. बाबा मागच्या दारानं पसार.

ऑपरेशननंतर आईनं बारक्याचा हात धरला. "मला का नाही सांगितलंस रे?"

"तू किती दिवसांनी नीट जेवायला लागली होतीस," तो म्हणाला.



चमत्कार बघितलात तर टाळी नंतर वाजवा. आधी विचारा, डबी कुणाची आणि भरली कुणी. डॉक्टरला न विचारता गोळ्या बंद करू नका. आणि घरातल्या लेकराला एकट्याला जवळ घेऊन विचारा, अजून दुखतंय का. उत्तर काहीही आलं तरी शांतपणे ऐका.