रोज तीच चादर

“चला काका, उकला आता. उद्या सकाळी दोन बसेस आहेत.”

पृथ्वीराजनं नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं आणि तो एसीच्या खोलीत निघून गेला. अक्कलकोट करून तुळजापूरला निघालेली शेवटची बस नुकतीच आवारातून बाहेर पडली होती. काशम्मानं रहाट थांबवला. संगप्पानं, तिच्या नवऱ्यानं, मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दिवसभर विणलेलं हातभर कापड एकेक धागा करून उकलायला घेतलं. उकललेलं लाल सूत काशम्मानं पुन्हा धोट्यातल्या कांड्यांवर भरायचं, म्हणजे उद्या पुन्हा विणायला मोकळं. आठ महिने असंच चाललं होतं.

‘धागा अनुभव केंद्र’ हायवेच्या कडेला होतं. देवदर्शनाच्या बसेस तिथं थांबत. माणसं चहा पीत, मोकळी होऊन येत आणि जाताना ‘अस्सल सोलापुरी’ चादर घेत. त्या चादरी कुठल्या तरी लांबच्या गावाहून ट्रकनं येत. त्यांना नुसतं बोट लावलं तरी काशम्माच्या कपाळाला आठी पडे. पण चादरींचा ढीग बघून गिऱ्हाइकाला भरून येत नाही. त्याला म्हातारा लागतो. पटका बांधून मागावर बसलेला, जरा घामेजलेला. म्हणून संगप्पाला आणलं होतं. म्हाताऱ्याशेजारी रहाट फिरवणारी इरकल नेसलेली म्हातारी असली की फोटो चौकटीत बसतो, म्हणून काशम्मालाही. एरवी ती गाऊनवर टॉवेल टाकून भवानी पेठ पालथी घालणारी बाई. इरकल केंद्राचं होतं, संध्याकाळी घडी करून परत करायचं.

केंद्र उभारताना बोर्डांना तरतूद होती, दिव्यांना होती, सेल्फी काढायच्या चौकटीलाही होती. सुताला तेवढी नव्हती. केंद्र सांभाळणाऱ्या पृथ्वीराजनं यावर तोडगा काढला. “काका, लोकांना विणणं बघायचंय. विणलेलं कोण बघतंय?” मोठ्या कॉलेजातून पर्यटन शिकून आलेलं पोर! त्याच्या लेखी विणणं हा एक नाच होता. थांबला की मागं काही उरायचं कारण नाही.

संगप्पाचा स्वतःचा माग एकोणीस वर्षांपूर्वी सरपणाच्या भावात गेला. त्यावर निघालेली शेवटची चादरही त्याच आठवड्यात विकली गेली. पुढं त्यानं एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे उचलले. विणकराचं घर, आणि पांघरायला दुकानातलं. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा त्याच्या मागं मागं चालला होता.

महिन्यापूर्वी एका संध्याकाळी उकलता उकलता त्याचा हात मधेच थांबला.

“अवो, चार बोटं राहिली की,” काशम्मा म्हणाली.

“राहू दे.”

“त्या पोराला दिसलं म्हंजे?”

“विणलेलं रुळावर गुंडाळून ठिवतो. तितं कोण बघतंय? त्याला मी तरी दिसतो का?” मग मागाच्या लाकडाकडं बघतच तो म्हणाला, “एक उतरवतो गं. डोळे हायत तवर. एक पुरी चादर.”

या कामावर दोघांचं दूध-औषध चाललं होतं, आणि कळलं असतं तर ते त्याच दिवशी थांबलं असतं. काशम्मानं लाल कांडी पिशवीत टाकली. “हे सूत मोजकं हाय. तुमच्या चादरीला दुसरं बघाया पायजे.”

ते शेजारच्या शगुफ्तानं दिलं. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. रिळांच्या बुडाला उरलेलं सूत तिथं कचऱ्यातच जात असे. “ले काकू, फेकते अइसाच. क्या बुन रै तुम लोगां?”

“काय न्हाय गं. म्हाताऱ्याच्या हाताला चाळा.”

तेव्हापासून ती दोघं पहिल्या बसच्या तासभर आधी येऊ लागली. संगप्पा शगुफ्ताच्या सुतानं चार बोटं विणायचा आणि रूळ फिरवून ठेवायचा. बस आली की लाल धागा. लाल रोज उकललं जाई, बाकीचं रुळावर चढत जाई. एक दिवस हिरवं, एक दिवस पिवळं, कधी विटक्या निळ्याचं, जसं मिळेल तसं. पृथ्वीराज दिवसातून दहा वेळा मागासमोरून जायचा, मोबाईलमध्ये बघत.

चादर वीतभर राहिली आणि पर्यटन दिन उजाडला.

मोठे साहेब आले. मांडव, हार, ओवाळायला ताट. साहेब माईकवर म्हणाले, पर्यटन हा विकसनशील देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. इथं एक बस थांबते तेव्हा बारा हातांना काम मिळतं, आणि त्या हातांनीच देश वर जातो. काशम्मानं रहाटाशी बसल्या बसल्या हात मोजले. दोन तिचे, दोन नवऱ्याचे, दोन संडास धुणाऱ्या गोजरबाईचे. चहा मशीनमधून येत होता आणि चादर ट्रकमधून. राहिलेले सहा हात बहुतेक टाळ्या वाजवणाऱ्यांचे असावेत.

भाषण संपवून साहेब मागापाशी आले. “काय आजोबा, वर्षाला किती चादरी होतात?”

‘रोज एक’ असं उत्तर पृथ्वीराजनं सकाळीच पाठ करून घेतलं होतं. संगप्पानं तोंड उघडलं, मिटलं. जन्मभर कापडाच्या मापात खोटं न केलेला माणूस; शब्द काही बाहेर पडेना. पृथ्वीराज मागून डोळे मोठे करत होता.

“एकच, साहेब,” काशम्मा म्हणाली. “रोज तीच.”

पृथ्वीराजचा चेहरा उतरला. साहेब मोठ्यानं हसले. “वा! काय बोलल्या आजी! एकच चादर, रोज तीच! अरे, ही आपली परंपरा! लिहून घ्या रे कुणीतरी.”

पृथ्वीराजच्या जिवात जीव आला. त्यानं ते लिहून घेतलं आणि तिथूनच बोर्डवाल्याला फोन लावला. काशम्मा बघतच राहिली. आयुष्यात एकदा साहेबाच्या तोंडावर खरं बोलली, तर त्याचा बोर्ड होणार.

फोटोसाठी साहेबांना मागावर बसायचं होतं. “साहेब, हळू. धोटा पार गेल्याबिगर फणी वडू नका,” संगप्पा म्हणतोय तोवर साहेबांनी कॅमेऱ्याकडं बघत फणी ओढली. धोटा मधेच अडकला आणि उभे धागे कटाकट तुटले. चाळीस-पन्नास तरी गेले.

“अरेच्चा! काय झालं?”

“काही नाही साहेब, जुना माग आहे,” पृथ्वीराज म्हणाला. “जेवण तयार आहे.”

मंडळी जेवायला गेली. संगप्पा लोंबणाऱ्या धाग्यांपुढं बसून राहिला.

“वीतभर राहिलंय,” तो म्हणाला.

“आता वीत न्हाय, काय न्हाय. कापा.”

“किनार घातल्याबिगर कापाया काय फडकं हाय व्हय ते?”

काशम्मानं पदर खोचला आणि ती त्याच्या उजव्या बाजूला, दिसत नसलेल्या डोळ्याच्या बाजूला, बसली. ती तुटलेली टोकं हुडकून त्याच्या चिमटीत द्यायची, तो गाठ मारायचा. मांडवातून माईकवर विकास ऐकू येत होता, मधूनच श्रीखंड वाढा, असंही. चार वाजता शेवटची गाठ बसली. संगप्पानं सकाळचं लाल उकलून काढलं आणि उरलेल्या पांढऱ्या सुतानं दोन बोटं किनार घातली. हात जरासुद्धा घाईत नव्हता.

कापड उतरताना मागाला हळदकुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. काशम्मा मांडवात जाऊन साहेबांना ओवाळलेलं ताट उचलून आली. त्यातलं उरलंसुरलं कुंकू तिनं मागाला लावलं, चिमूटभर कातरीला लावलं. संगप्पानं कापलं. रूळ उलटा फिरला आणि महिनाभराचे रंग दोघांच्या मांडीवर आले.

घडी घालताहेत तोच पृथ्वीराज आला. त्यानं चादरीचं टोक उचललं, गाठींवरून बोट फिरवलं.

“ही दुकानातली का? किती खराब पीस आलाय! कसलेही पट्टे, गाठी काय… असला माल बाजूला काढत जा हो, गिऱ्हाईक बोंबलतं.” मग त्याला दया आली. “राहू दे. तुम्हीच घेऊन जा. आज दिवस चांगला गेला.”

संगप्पा खाली बघत होता. काशम्मानं त्या पोराकडं नीट बघितलं. आठ महिने कापडाच्या दुकानात उभं होतं आणि हाताला कापड कळत नव्हतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते ऐकायला समोर कुणी तरी असायला लागतं.

तिनं आत जाऊन इरकल सोडलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि गाऊनवर टॉवेल टाकून बाहेर आली.

“उद्या नऊला या हां. तीन बसेस आहेत.”

“उद्या दुसरा म्हातारा बघ, लेकरा,” ती म्हणाली.

दोघं घरी पोचली तेव्हा उन्हं अजून उंबऱ्यावर होती. संगप्पा हातपाय धुऊन आला आणि भर उजेडात आडवा झाला. काशम्मानं चादर झटकून त्याच्या अंगावर घातली. तो चादरीवरून तळवा फिरवत राहिला, डोळे मिटून. गाठ लागली की थांबायचा, मग पुढं जायचा.

चादर वीतभर कमी होती, पावलं उघडी राहिली. त्यानं ती आत ओढून घेतली नाहीत.

काशम्मानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या पायांवर टाकला.